टॉर्क रेंच असूनही आटे जातात, बोल्ट तुटतो: चूक कुठे होते ते शोधू या

झाकण उघडलं, आतलं काम झालं, झाकण परत बसवलं. नऊपैकी आठ बोल्ट नीट आवळले गेले. नववा आवळताना, घट्ट होत आलेला बोल्ट हाताला अचानक मऊ लागला आणि पुढची पाव फेरी काही जोर न लागता फिरली. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चंदेरी तारेची एक बारीक गुंडाळी अडकली होती. ती तार म्हणजे त्या ॲल्युमिनियमच्या भोकातले आटे होते, सगळेच्या सगळे उपसून आलेले.

त्या वेळी माझ्या हातात टॉर्क रेंच होता, म्हणजे ठरवलेला पीळ आला की खूण देणारा पाना. पिळाचा आकडाही पुस्तकात दिलेलाच लावला होता, १० न्यूटन मीटर (पीळ याच एककात मोजतात). आणि महिन्याभरात हे दुसऱ्यांदा झालं होतं.

आटे गेले की सगळे एकच सल्ला देतात: टॉर्क रेंच घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. रेंच घेतल्यावरही बोल्ट तुटत राहतात आणि मग माणूस म्हणतो, ‘हाताचा अंदाजच बरा.’ तेही खरं नाही. दोन्हींच्या मध्ये काही ठरावीक चुका आहेत. त्या एकदा कळल्या की हा त्रास खरोखर थांबतो. माझ्याकडे थांबला, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आवळताना नेमकं काय होतं

बोल्ट आवळला की तो ताणला जातो. तो एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे असं समजा. त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. आपल्याला हवा असतो तो हा ताण, पण हाताला आणि रेंचला कळतो तो फक्त पीळ. या दोन्हींच्या मध्ये घर्षण बसलेलं असतं. आपण लावलेल्या पिळाचा जवळजवळ निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, साधारण ४० टक्के आट्यांत घासण्यात जातो, आणि प्रत्यक्ष ताण देण्यासाठी उरतो फक्त १० टक्क्यांच्या आसपास. घर्षण थोडं जरी बदललं तरी या उरलेल्या दहाव्या हिश्शात मोठा फरक पडतो. म्हणून चांगला रेंच वापरूनही ताणात २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे.

हाताच्या अंदाजाची गोष्ट वेगळीच. एम६, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या, बोल्टला १० न्यूटन मीटर द्यायचे असतील तर १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे ७ किलोचा जोर लागतो. हाच बोल्ट ३० सेंटिमीटरच्या रॅचेटने आवळला तर साडेतीन किलोच पुरतात. लहान मापाचे पाने आखूड असतात ते याचसाठी. पाना जितका लांब, तितका हाताला कमी जोर जाणवतो आणि माणूस ‘अजून थोडं’ म्हणून ओढतो. एलन कीची लांब बाजू हातात धरून छोटा स्क्रू करकचून आवळणं, पान्याला पाइप घालणं, या सवयी मोठ्या बोल्टवर खपून जातात. एम५, एम६ वर त्या हमखास नडतात.

टक् वाजलं तरी बोल्ट फिरत राहतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. आपण सर्रास वापरतो तो क्लिकवाला टॉर्क रेंच बोल्टला थांबवत नाही. तो फक्त सांगतो. ठरलेला पीळ आला की आतला स्प्रिंगवर टेकलेला भाग सटकतो, टक् असा आवाज येतो, हाताला छोटासा झटका जाणवतो, आणि दोनतीन अंशांनंतर रेंच पुन्हा ताठ होतो. त्यानंतरही ओढत राहिलात तर तो साध्या पान्यासारखा आवळत राहील. पीळ अडवायचं काम तुमच्या हातालाच करायचं असतं.

माझ्या झाकणाचा घोळ इथेच होता. माझा रेंच अर्धा इंची चौकोनाचा (सॉकेट ज्यावर बसतो तो चौकोन), सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, आणि त्याची पट्टी १० ते १०० न्यूटन मीटरची. १० ला लावला म्हणजे पट्टीच्या अगदी तळाला. एवढ्या लांब दांड्यावर १० न्यूटन मीटर म्हणजे टोकाला जेमतेम सव्वादोन किलोचा जोर. तिथला टक् इतका पुसट होता की तो वाजला तरी मला कळलाच नाही. क्लिकवाल्या रेंचवर त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांखाली भरवसा ठेवू नये. १०० च्या रेंचवर २० च्या खालचं काम करायचंच नाही. मी नेमकं तेच करत होतो.

म्हणून पहिली दुरुस्ती: कामाचा आकडा रेंचच्या पट्टीच्या मधल्या भागात यायला हवा. एम५, एम६ साठी पाव इंची चौकोनाचा, ५ ते २५ न्यूटन मीटरचा छोटा रेंच. चाकाच्या नटांसारख्या कामाला मोठा. एकाच रेंचने दोन्ही कामं होत नाहीत, आणि हा खर्च टाळण्याच्या नादात आटे जातात.

दुसरी गोष्ट, ओढण्याची पद्धत. दांड्यावर मुठीची खूण असते, हात तिथेच हवा. ओढणं सावकाश आणि एकसारखं. झटका दिला की रेंच आणि हाताची गती मिळून आकडा ओलांडून जाते आणि टक् मागून ऐकू येतो. टक् झाला की हात सोडायचा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टक् वाजवणाऱ्यांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं, प्रत्येक जादा टक् बोल्टला अजून थोडा फिरवू शकतो.

आणि असं दुसऱ्यांदा वाजवून ‘तपासलं’ असं समजणंही फसवं आहे. त्यातून बोल्ट किमान तेवढा आवळला आहे एवढंच कळतं. दुप्पट आवळलेला बोल्टही तसाच टक् वाजवेल. जास्त आवळलेला बोल्ट या तपासणीत कधीच सापडत नाही.

ज्याला खरोखर ‘मर्यादा घालणारं’ म्हणता येईल असं साधन वेगळं असतं. टॉर्क स्क्रू ड्रायव्हरमध्ये आत घसरणारा क्लच असतो. आकडा आला की मूठ नुसतीच गरगर फिरते, बोल्ट जागचा हलत नाही, कितीही पिळा. काही रेंचचं डोकं ठरलेल्या पिळाला मोठ्या कोनात मोडून वाकतं, त्यामुळे पुढे ओढायला जागाच उरत नाही. लहान स्क्रूंचं काम सतत करणाऱ्याने क्लिकवाल्याऐवजी घसरणारंच साधन घ्यावं असं माझं ठाम मत आहे. थकलेला हात, लक्ष नसलेला हात, नवशिक्याचा हात, तिघांनाही ते सांभाळून घेतं. काही ठिकाणी ही मर्यादा बोल्टमध्येच घातलेली असते. विजेच्या जाड केबलला जोडायच्या काही लगमध्ये असे बोल्ट असतात की ठरलेला पीळ आला की त्यांचं डोकंच तुटून हातात येतं. ते तुटणं हीच तिथे काम पूर्ण झाल्याची खूण.

टॉर्क रेंचचा जन्मही याच दुखण्यातून झाला. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांनी १९१८ मध्ये पाइपांच्या फ्लँजवरचे, म्हणजे जोडाच्या रुंद कडांवरचे, बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून असा रेंच बनवला, असं मानलं जातं.

आकडा बरोबर, तरी ताण जास्त

आता रेंच योग्य आहे, हात योग्य आहे, तरी बोल्ट ताणला जातो. अशा वेळी आधी आट्यांकडे बघा. त्यांना तेल लागलं आहे का?

एम८ चा ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. यातला पहिला ८ सांगतो की तुटेपर्यंतची ताकद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. पुढचा .८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० न्यूटनला, तो कायमचा ताणायला लागतो. आट्यांपाशी या बोल्टचं क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिलिमीटर. हिशेब केला तर २३,४०० न्यूटनच्या आसपास बोल्ट कामातून जातो. कोरड्या आट्यांवर २५ न्यूटन मीटर लावले की ताण येतो ढोबळमानाने साडेपंधरा हजार. ठीक आहे, भरपूर जागा शिल्लक आहे. त्याच आट्यांना तेल लावून तेच २५ लावले की ताण २१ हजारांजवळ जातो. मॉलिब्डेनमचं निसरडं ग्रीस लावून तेच २५ लावलेत तर हिशेब २६ हजारांवर पोचतो, म्हणजे मर्यादेच्या पार. रेंचने तिन्ही वेळा प्रामाणिकपणे २५ लाच टक् केलं.

पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या, हे आधी वाचा. तसं काही लिहिलं नसेल तर बोल्ट जसा नवीन पुडीतून येतो तसा, स्वच्छ आणि वरून काही न लावता, असं धरून चाला. गंज लागू नये म्हणून ग्रीस लावायचंच असेल तर ग्रीस बनवणाऱ्याने दिलेल्या प्रमाणात आकडा कमी करा. थ्रेड लॉकरही (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) ओला असताना तेलासारखाच वागतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

उलटही होतं. आट्यांत जुना रंग, वाळलेला थ्रेड लॉकर, गंज असेल तर सगळा पीळ तिथेच खर्च होतो. टक् वाजतो, पण भाग दाबलाच गेलेला नसतो. चार दिवसांत बोल्ट ढिला होतो, मग आपण आकडा वाढवतो, आणि पुढच्या वेळी स्वच्छ बोल्ट लावला की वाढवलेल्या आकड्यावर आटे उपसतात. ब्रशने आटे साफ करणं हे पाच मिनिटांचं कंटाळवाणं काम आहे, पण रेंचच्या अचूकपणापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

नायलॉक नटाच्या तोंडाशी नायलॉनचं कडं असतं. तो बसण्याआधीपासूनच फिरायला जड असतो. तो नुसता फिरवायला जेवढा पीळ लागतो तेवढा दिलेल्या आकड्यात मिळवावा लागतो, बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं नसेल तर.

आरपार नसलेलं भोक असेल तर आणखी दोन सापळे. बोल्ट एखाद्या मिलिमीटरने लांब असला की त्याचं टोक भोकाच्या तळाला टेकतं. रेंच टक् करतो, पण डोकं अजून नीट टेकलेलंच नसतं. आवळण्याआधी एक बारीक तार भोकात घालून खोली मोजा आणि डोक्याखाली बोल्ट किती आत जाणार आहे त्याच्याशी ताडून बघा. दुसरा सापळा जास्त घातक. अशा भोकात तेल किंवा पाणी साठलेलं असेल तर बोल्ट पिस्टनसारखा ते दाबतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे ओतीव भागच तडकू शकतो. भोकात हवा मारून ते कोरडं करा, डोळ्यांवर चष्मा लावून.

स्टेनलेसचे नटबोल्ट वेगळ्याच तऱ्हेने दगा देतात. कोरडे आणि भराभर आवळले की आटे एकमेकांना चिकटून जागीच वेल्ड झाल्यासारखे अडकतात. बोल्ट ना पुढे जातो ना मागे, आणि जोर लावला की तुटतो. इथे जोर कमी करून उपयोग नाही. सावकाश फिरवा आणि न चिकटण्यासाठीची पेस्ट लावा, अर्थात आकडा त्या मानाने खाली आणून.

एककांची चूकही लिहून ठेवतो, कारण तिने एका फटक्यात बोल्ट जातो. जुन्या पुस्तकांत फूट पाउंड, इंच पाउंड, किलोग्रॅम-मीटर असं काहीही असतं. १ फूट पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर, १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन मीटर, आणि १ इंच पाउंड म्हणजे फक्त ०.११३. इंच पाउंड वाचून फूट पाउंड लावलं तर बाराच्या पटीत चूक होते.

रेंचच्या पुढे, त्याच्याच रेषेत, कावळ्याच्या पायासारखा फुटलेला जोडपाना लावला तर दांडा लांब होतो आणि आकडा खोटा ठरतो. रेंचच्या चौकोनापासून मुठीच्या मध्यापर्यंत ३० सेंटिमीटर असतील आणि जोडपान्याने ५ वाढले असतील, तर ४० न्यूटन मीटर हवे असताना रेंचवर ३४ लावायला हवेत. ४० लावले तर बोल्टला जवळजवळ ४७ मिळतील. जोडपाना रेंचला काटकोनात लावला तर हा फरक पडत नाही. सॉकेटची सरळ उभी एक्स्टेंशन लावल्यानेही पडत नाही.

ड्रिलचा क्लच आणि प्लास्टिकमधले स्क्रू

बॅटरीच्या ड्रिलवर १ ते २० असे आकडे असतात ते न्यूटन मीटर नाहीत. ती फक्त पायऱ्यांची मोजणी आहे. एका ड्रिलचा ७ दुसऱ्याच्या ७ शी जुळत नाही. एका तुकड्यावर सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करा, स्क्रूचं डोकं पृष्ठभागाला समतल येऊन क्लच कटकट करेपर्यंत एकेक वाढवा, आणि मग खऱ्या कामाला लागा. गिअर १ वर ठेवा. दोनवर मोटरच्या वेगामुळेच स्क्रू पुढे निघून जातो.

आणि क्लचचं कडं ड्रिलच्या चित्रावर तर नाही ना, हे दरवेळी बघा. त्या खुणेवर क्लच पूर्ण बंद असतो. भोक पाडून झाल्यावर कडं परत फिरवायचं राहतं, आणि पहिल्याच स्क्रूला डोक्याची खाच चाटून जाते किंवा प्लास्टिकचा खांब चिरतो. ‘क्लच असूनही असं होतं’ अशा तक्रारींत मी पहिल्यांदा हेच विचारतो.

प्लास्टिकमध्ये स्वतः आटे पाडत जाणारा स्क्रू पुन्हा बसवताना एक छोटी युक्ती आहे. स्क्रू भोकात ठेवा आणि आधी उलटा फिरवा. एका जागी तो हलकेच खाली टपकतो, बोटांना बारीकशी ठेच जाणवते. तिथे जुना आटा सापडला. आता सुलट फिरवा, तो त्याच वाटेने जाईल. हे केलं नाही तर स्क्रू दरवेळी नवी वाट कोरतो आणि चारपाच वेळा उघडझाप केली की भोकात धरायला काहीच उरत नाही. तिथे मग कमी पिळावरही स्क्रू फिरत राहतो आणि दोष उगाच साधनाला जातो.

इम्पॅक्ट गनबद्दल थोडंच लिहितो. ती काढायला उत्तम, शेवटचं आवळायला नको. ती ठोके देत जाते. हवेचा दाब, बॅटरी, सॉकेटची लांबी, सगळ्यावर पीळ बदलतो. गनला लावायच्या टॉर्क स्टिक मिळतात. त्या ठरलेल्या पिळाला स्वतःच पिळल्या जाऊन पुढचा जोर खातात. त्या लावल्या तरी शेवट हाताच्या रेंचनेच करा, आणि चाकाचे नट असतील तर समोरासमोरचे घेत, दोनतीन टप्प्यांत.

‘ढिला होतो म्हणून आवळतो’

आटे जाण्यामागची सर्वात मोठी गोष्ट माझ्या अनुभवात हीच आहे. बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतो, आपण दरवेळी थोडा जास्त आवळतो, आणि एक दिवस तो तुटतो. इथे टॉर्क मर्यादेत ठेवून निम्माच प्रश्न सुटतो. सैल का होतो, ते शोधावं लागतं.

वर म्हटलं की बोल्ट स्प्रिंग आहे. पण तो किती ताणतो? २० मिलिमीटर जाडीचे भाग धरणारा एम८ बोल्ट नीट आवळल्यावर फक्त ०.०४ मिलिमीटर लांबतो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आता डोक्याखाली रंगाचा थर असेल आणि तो ०.०१ मिलिमीटरने चेपला, तर बोल्ट न फिरताही पाव ताण गेला. म्हणून टेकण्याच्या जागेवरचा रंग खरवडा, मऊ वॉशर काढून कडक वॉशर घाला, आणि जागा असेल तर जाड बूश घालून लांब बोल्ट वापरा. तिप्पट लांबीचा बोल्ट तिप्पट ताणतो, तेवढाच थर चेपला तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

दुसरं कारण म्हणजे आडवी हालचाल. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की जोडलेले भाग बोल्टला आडवे सरकत राहिले तर बोल्ट आपोआप उलटा फिरून सुटतो. त्याच्याच पद्धतीच्या चाचण्यांत चिरलेले स्प्रिंग वॉशर जवळजवळ निरुपयोगी ठरतात, कारण बोल्टच्या ताणाच्या छोट्याशा भागातच ते पूर्ण सपाट होतात. थ्रेड लॉकर किंवा उताराच्या दातांचे जोडवॉशर इथे कामाला येतात. मूळ उपाय म्हणजे भाग सरकू न देणं, म्हणजे पुरेसा ताण आणि गरज पडली तर डॉवेल पिन, म्हणजे दोन्ही भागांत घट्ट बसणारी खुंटी. ‘पुरेसा ताण’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. तुटायच्या भीतीने कमी आवळलेला बोल्टही सैलच होतो.

रेंच खरं सांगतोय का

क्लिकवाल्या रेंचसाठी आयएसओ ६७८९ या मानकात १० न्यूटन मीटरच्या वर ±४ टक्के आणि त्याखाली ±६ टक्के चूक चालते. त्याच मानकात, वेगळी मुदत ठरवली नसेल तर, १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर झाल्यावर पुन्हा तपासणी सांगितली आहे.

घरच्या घरी ढोबळ तपासणी करता येते. रेंचचा चौकोन व्हाइसमध्ये घट्ट धरा, दांडा आडवा ठेवा. चौकोनाच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर १० किलोचं वजन दोरीने हलकेच टांगा. हे झाले ३९ न्यूटन मीटर. रेंचच्या स्वतःच्या वजनाचे साधारण २ आणखी धरा, एक किलोचा रेंच असेल तर. ४१ च्या आसपास पीळ आहे. रेंच ३८ ला लावलेला असेल तर टक् व्हायला हवा, ४४ ला लावलेला असेल तर होता कामा नये. या तपासणीवर प्रमाणपत्र मिळणार नाही, पण पडलेला किंवा कोणीतरी गंजका नट सोडवायला वापरलेला रेंच यात लगेच पकडला जातो. सोडवायला टॉर्क रेंच कधीच वापरू नका.

काम झालं की आकडा पट्टीवरच्या सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवा, तिच्याही खाली नाही. बरेच दिवस पडून असेल तर आधी चारपाचदा नुसता टक् वाजवून घ्या, म्हणजे आतलं ग्रीस पसरतं. आकडा लावताना खालून वर या. पुढे गेलात तर बराच खाली नेऊन परत वर आणा.

आटे गेलेच असतील तर

मऊ लागलं की तिथेच थांबा. बोल्ट बाहेर काढा आणि त्याच्यावर नवा नट बोटांनी फिरवत न्या. मध्येच अडकला तर बोल्ट ताणला गेला आहे. कधी डोळ्यांनाही दिसतं, आट्यांना कंबर पडलेली असते. तो बोल्ट टाकून द्या, पुन्हा वापरू नका.

भोकातले आटे गेले असतील तर ड्रिल मारून, टॅपने नवे आटे पाडून तारेचा इन्सर्ट बसवा, ज्याला कारखान्यात हेलिकॉइल म्हणतात. ॲल्युमिनियममध्ये तो मूळ आट्यांपेक्षा मजबूत पडतो. तात्पुरतं म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळणं किंवा मोठा बोल्ट ठोकून बसवणं टाळा, पुढची दुरुस्ती त्यामुळे अवघड होते. ॲल्युमिनियममध्ये नवीन भोक पाडत असाल तर बोल्टच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आटे धरायला मिळतील असं बघा. पोलादात एकपट पुरतात.

काही इंजिनांत पीळ अधिक कोन अशा पद्धतीने आवळायचे बोल्ट असतात. तिथे आधी छोटा आकडा आणि मग ठरावीक अंश फिरवायचे. यातले बरेच बोल्ट मुद्दाम ताणाच्या मर्यादेपर्यंत नेलेले असतात, म्हणून प्रत्येक वेळी नवेच लागतात. जुना बोल्ट घालून आकड्याशी कितीही प्रामाणिक राहिलात तरी तो तुटू शकतो.

माझ्या झाकणाच्या दोन भोकांत आता इन्सर्ट आहेत. उरलेली सात मूळचीच आहेत. बोल्ट आधी बोटांनी तीन फेऱ्या आत घालतो, मग पाव इंची रेंच, आधी ५, मग १०, समोरासमोरचे घेत, आणि टक् झालेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून झाकणापर्यंत पांढऱ्या मार्करची एक रेघ. पुढच्या वेळी उघडताना रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरला आहे, आणि मग रेंच हातात घेण्याआधी मी त्याच्या डोक्याखाली काय आहे ते बघतो.